अनारसा का हसला?

टेबलावर सात डबे होते आणि सातही डब्यांत अनारसे. तांदूळ एकाच पोत्यातला, गूळ एकाच ढेपेचा, कृती एकाच वहीतली, खसखससुद्धा एकाच पुडीतली वाटून घेतलेली. तरी पहिल्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी. दुसऱ्यात गुळगुळीत, कडक चकत्या, टेबलावर आपटल्या तर टक्क वाजतील अशा. तिसऱ्यात कडेने करपलेले आणि मध्ये कच्चट. सहाव्या डब्यात अनारसा नव्हताच. तुपात विस्कटलेला आणि झाऱ्याने कसाबसा गोळा केलेला तपकिरी चुरा होता.

"आमचे हसले," तिसऱ्या मजल्यावरची नवी सून म्हणाली.

अनारसा तुपात सोडला की कधी कधी एकदम पसरतो, त्याची कणी न कणी सुटी होते आणि कढईभर फेस होतो. त्याला आपल्याकडे अनारसा हसला असं म्हणतात. करणारीच्या डोळ्यांत पाणी आणि पदार्थ मात्र हसतोय, असा हा शब्द. ज्या कुणी तो पहिल्यांदा वापरला, तिला माझा नमस्कार.

आमच्या ठाण्यातल्या इमारतीत हा उद्योग दोनेक वर्षं चालू आहे. महिन्यातून एकदा एक पदार्थ ठरवायचा, शक्यतो असा की आमच्यापैकी निम्म्यांनी तरी तो कधी केलेला नसावा. प्रत्येकाने आपापल्या घरी करायचा, ठरल्या दिवशी तळमजल्यावरच्या बाईंकडे आणायचा. बाई शाळेतून निवृत्त झाल्यात, त्यामुळे वही त्यांच्याकडे. नियम एकच: फसलेलंही आणायचं. पहिल्या महिन्यात हा नियम कुणी पाळला नाही. खांडवीच्या सात सुरेख सुरळ्या आल्या, सगळ्यांनी खाल्ल्या, कौतुक केलं आणि कुणालाही काहीही कळलं नाही. पुढच्या महिन्यात एकीने बसलेला ढोकळा आणला आणि त्या दिवशी आम्ही दोन तास सोड्याबद्दल बोलत होतो.

अनारशाला मात्र कुणाला काही लपवता येत नाही. तो इतका कमी सामानाचा पदार्थ आहे की चूक लपायला जागाच उरत नाही. तांदूळ, गूळ, तूप, खसखस. संपलं. पण त्या तांदळाचं काय काय करायचं ते पाहा. जुना तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून सुती पंचावर सावलीत पसरायचा. हाताला दमट लागेल पण पाणी दिसणार नाही, इतका वाळला की कुटायचा किंवा मिक्सरमधून काढायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा. त्यात किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळून गोळा डब्यात दाबून ठेवायचा, चारपाच दिवस तरी. मग लिंबाएवढी गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायची, उलटायची नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पाण्याचा एक थेंबसुद्धा कुठे घालायचा नाही.

या शेवटच्या वाक्याशी मी अडले. पाणी घालायचं नाही, तर कोरडं पीठ आणि कोरडा गूळ यांचा गोळा होतो कसा? आणि झाला तरी चार दिवसांनी तो आपोआप सैल का पडतो?

यावेळी मी वजनकाटा घेऊन बसले. अर्धा किलो तांदूळ तीन दिवसांनी निथळून तोलला, तर ६४५ ग्रॅम. पंचावर वाळवल्यावर ६१०. म्हणजे हाताला जवळजवळ कोरड्या लागणाऱ्या त्या दाण्यांनी एकशे दहा ग्रॅम नवं पाणी पोटात धरून ठेवलं होतं आणि मूळच्या तांदळातला साठेक ग्रॅम ओलावा होताच. ते पाणी दिसत नाही, ओघळत नाही, पण आहे. आता साखरेचा एक गुण ऐका, मला तो अजूनही खोटा वाटतो. खोलीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात जवळजवळ दोनशे ग्रॅम साखर विरघळते. दुप्पट! गुळात बहुतांश तीच साखर. त्यामुळे पिठातल्या ओलाव्याला गुळाचा कण भेटला की तो विरघळू लागतो, दाट पाक होतो, तो पाक शेजारच्या कणातलं पाणी ओढून घेतो, आणखी गूळ विरघळतो. आत जितकं पाणी होतं त्याहून कितीतरी जास्त द्रव तयार होतो, कारण विरघळलेला गूळही आता द्रवाचाच भाग झाला. डब्याच्या अंधारात चार दिवस हे चालू असतं. बाहेरून कुणी थेंब घालत नाही आणि तरी कोरडं दिसणारं मिश्रण मळलेल्या कणकेसारखं होतं. आमच्या गटातल्या काकू याला "गुळाला पाणी सुटतं" म्हणतात. मला शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणीही इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं.

पण मग तेवढ्यासाठी तीन दिवस भिजवायचं कशाला? एक रात्र पुरेशी नाही का? पाचव्या मजल्यावरच्या मुलाने (तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि आमच्यातला एकमेव पुरुष) हा प्रश्न विचारला आणि स्वतःच उत्तर करून आणलं. मुख्य घाणा त्याने कृतीबरहुकूम केलाच, पण सोबत थोडं तांदळाचं पीठ दुकानातून आणलं, त्यात हिशेबाने पाणी शिंपडलं, गूळ घातला आणि त्याचेही चार तळले. टक्क वाजणाऱ्या चकत्या त्याच्याच.

कोरडा तांदूळ गिरणीत दळला की दाणा जोराने फुटतो आणि त्याच्या आतले स्टार्चचे सूक्ष्म कण चिरडले जातात. तांदळाचे हे कण धान्यांमध्ये सर्वांत लहानांपैकी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतात, तीन ते आठ असे. चिरडलेला कण स्पंजसारखा वागतो आणि दिसेल ते पाणी पिऊन टाकतो. पाक व्हायला पाणी उरतच नाही. भिजून मऊ झालेला दाणा मात्र हलक्या हाताने, कणाकणाच्या सांध्यांवर सुटतो, बहुतेक स्टार्च शाबूत राहतो. शिवाय तीन दिवसांत पाण्यात दह्यातल्यासारखे आम्ल करणारे जिवाणू वाढतात. त्यांचं आम्ल दाण्याला आणखी भुसभुशीत करतं आणि चवीला ती हलकी आंबूस किनार देतं, जी नसली तर अनारसा नुसता गोड लागतो. रोज पाणी का बदलायचं, तेही यात आलं. आम्ल हवंय, पण बेताने. एक दिवस पाणी बदलायला विसरलेल्या बाईंच्या अनारशांना नंतर तुपाच्या वासालाही न झाकता आलेला वास होता. हे त्यांनी स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लाल शाईने लिहिलंय.

आता तळणं. मला वाटतं, अनारशाची खरी गोष्ट तुपातल्या पहिल्या वीसएक सेकंदांत घडते आणि ती शर्यतीसारखी असते. गोळी तुपात पडली की आतला पाक तापून पातळ होऊ लागतो, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा सुटू लागतो. त्याच वेळी स्टार्चचे कण फुगून एकमेकांना धरू पाहत असतात. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचा जाळीदार आधार असतो, तांदळात तो नाही, त्यामुळे धरायला स्टार्चच. एरवी तांदळाचा स्टार्च सत्तर अंशांच्या आसपास फुगतो. पण भोवती इतका दाट पाक असला तर पाणी त्याला लवकर मिळत नाही, आणि हेच फुगणं कितीतरी अंश वर सरकतं. पाक आधी सुटा झाला तर पिठाचे कण तुपात तरंगत निघून जातात. अनारसा हसला. स्टार्चने आधी पकड घेतली तर चकती टिकते, आतलं पाणी वाफ होऊन वरच्या अंगाने वाट काढतं आणि जिथून जिथून वाफ निसटली तिथे छिद्र राहतं. जाळी म्हणजे वाफेची पावलं. उलटायचं का नाही, हे मला तेव्हा समजलं. उलटलं की वाफेची वाट बंद, आणि खसखस जळते ती वेगळीच.

हे एकदा कळल्यावर सात डबे सात कोडी राहिले नाहीत. करपलेले नि कच्चट अनारसे माझे होते, म्हणून आधी तेच सांगते. तूप जास्त तापलं. गुळात साध्या साखरेखेरीज ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि त्या लवकर लाल होतात, त्यामुळे बाहेरून रंग आला, आत शिजायला वेळच मिळाला नाही. मी तूप तापल्याची परीक्षा पुरीसारखी, पिठाचा कण टाकून केली होती. कण भर्रकन वर आला, मी खूश. अनारशाला तो कण तळाशी क्षणभर रेंगाळून मग वर यायला हवा.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते वाटीवरून. वहीतल्या कृतीत लिहिलं होतं: चार वाट्या पिठाला अर्धा किलो गूळ. बाईंनी सगळ्यांना आपापली रोजची वाटी आणायला लावली आणि पाणी भरून मोजली. सर्वांत लहान १३० मिलिलिटरची, सर्वांत मोठी २२०ची. ही मोठी काकूंची, त्यांच्या लग्नातली पितळी. आता जर पीठ आणि गूळ दोन्ही वाटीनेच मोजले असते तर वाटी लहान काय नि मोठी काय, प्रमाण तेच राहिलं असतं. वाटीची खुबी हीच आहे. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत गेलं, त्यात त्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली. मला पूर्वी वाटायचं की ती सोय अडाणीपणाची, वजन हेच शास्त्रशुद्ध. आता उलट वाटतं. ज्या घरात काटा नाही पण एक वाटी आहे, तिथे त्या वाटीने गुणोत्तर जपलं जातं. घोळ होतो तो एक वस्तू वाटीने आणि दुसरी किलोने मोजली की. आमच्या वहीत नेमकं तेच झालं होतं, कारण गूळ ढेपेचा अर्धा किलो असाच दुकानातून येतो. नव्या सुनेची वाटी १३०ची. काकूंच्या मानाने तिच्या पिठाला गूळ जवळजवळ पावणेदोन पट पडला, आणि हसण्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं.

उरलेलं अर्धं हवेत. तिने तांदूळ बंद खोलीत, पावसाळी दिवशी वाळवला होता. ऑक्टोबरात ठाण्याला परतीचा पाऊस म्हणजे दमट पोतेरं. नागपूरला माझी बहीण आहे, तिचा डबा रात्रीच्या गाडीने एका ओळखीच्यांबरोबर आला होता. तिच्याकडे तेवढ्याच वेळात तांदूळ खडखडीत वाळला, पीठ रवाळ कोरडं राहिलं आणि तिने पिकलेलं केळं कुस्करून घातलं तेव्हा कुठे गोळा झाला. कृतीत "एक तास वाळवावा" असं लिहिलेलं असतं. कुठे, ते लिहिलेलं नसतं.

खाऊगिरीच्या अशा एकत्र प्रयोगांना कुणी शास्त्रज्ञ हसत असतील, तर त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. आंबवून केलेल्या पावाला, सावरडोला, एक विरजण लागतं: पीठ आणि पाणी, त्यात हवेतून, पिठातून, हातातून आलेले जिवाणू आणि यीस्ट. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रॉब डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा बेकरांना एकच पीठ पाठवलं, प्रत्येकाने आपल्या जागी विरजण लावलं आणि मग सगळे बेल्जियममध्ये जमले. पीठ एक असूनही विरजणं वेगवेगळी निघाली. हात तपासले तर बेकरांच्या तळव्यांवर सावरडोत सापडणाऱ्या लॅक्टोबॅसिलस कुळातल्या जिवाणूंची वस्ती सामान्य माणसापेक्षा कितीतरी दाट. हा अभ्यास २०२० साली छापून आला. पुढच्याच वर्षी आणखी एक आला, चार खंडांतल्या ५०० विरजणांचा, त्यातली पुष्कळशी घरी पाव करणाऱ्यांनी पाठवलेली. सगळ्यांना वाटत होतं की गावागावाची चव वेगळी निघेल. तसं झालं नाही, भूगोलाने फारच थोडं ठरवलं.

"हाताला चव आहे" असं आपण म्हणतो त्याचा हा पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. तीन दिवस तांदळाचं पाणी बदलणाऱ्या काकूंच्या तळहातावर काय नांदतं, ते कुणी तपासलेलं नाही. पण काकूंचे हात तांदळात जाताना मी आता जरा वेगळ्या नजरेने बघते, एवढं खरं.

सगळ्यात वेगळा डबा होता चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा. त्या राजमहेंद्रीच्या. "अनारसे म्हणजे आमचे अरिसेलुच की," असं पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या आणि आम्ही मराठी माणसाच्या स्वाभाविक संशयाने गप्प बसलो होतो. त्यांनी आमच्या कृतीने केलेच, पण शेजारी त्यांच्या पद्धतीचेही ठेवले. तांदूळ तसाच भिजवलेला, पीठ तसंच दमट. फक्त त्या चार दिवस थांबत नाहीत. गुळाचा पाक करतात, थेंब पाण्यात टाकून बोटाने गोळी वळते का पाहतात आणि गरम पाकातच पीठ घालतात. त्याच दिवशी तळतात, आणि बाहेर काढल्यावर दोन लाकडी फळ्यांत दाबून तेल निथळवतात. म्हणजे अडचण एकच होती: भिजलेल्या तांदळाला गुळाच्या पाकाने बांधायचं कसं. आपण उत्तर काढलं ते वेळ देऊन, त्यांनी काढलं ते विस्तव देऊन. तमिळ घरांत हाच अधिरसम, ओडिशात अरिसा पिठा, आणि गयेला तिलकुटाच्या जोडीला अनरसा विकायला असतो. अनारसा आपलाच, असं मी इतकी वर्षं मानत आले होते. वहिनींचा एक खाल्ल्यावर तो हट्ट सुटला. खरं सांगायचं तर दुसरा खाल्ल्यावर.

काकूंना मात्र या सगळ्याचं फारसं अप्रूप नव्हतं. मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्यांचीच. त्या अधिक महिन्यातल्या गोष्टी सांगत बसल्या. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, तो फरक साचत जातो आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालावा लागतो. त्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं ते जाळीदार पदार्थाचं, तेहतीस अनारसे मोजून. काकूंच्या आईने त्यांच्या नवऱ्याला दिलेल्या पहिल्या वाणात एकतीसच निघाले होते. दोन वाटेत त्यांच्या धाकट्या भावाने खाल्ले होते आणि ही गोष्ट पन्नास वर्षं दोन्ही घरांत चवीने सांगितली गेली.

"पण काकू, तुम्हाला पीठ झालंय हे कळतं कसं?" मुलाने विचारलं. तो फोनवर टिपून घ्यायला तयार होता.

काकूंनी त्यांच्या डब्यातली पिठाची गोळी त्याच्या हातावर ठेवली. "दाब. आता तुझं दाब." त्याची गोळी कडेने भेगाळली. "आता हिचं." नव्या सुनेची गोळी बोटाला चिकटून आली, बोट उचललं तर खाली तार. काकूंची दाबली की कड अखंड राहत होती आणि बोट कोरडं निघत होतं. तीन गोळ्या एका तळव्यावर. यात लिहून घेण्यासारखं काही नव्हतं, तरी बाईंनी वहीत लिहिलं: भेग, तार, कोरडं बोट.

खरं म्हणजे ही तुलना एका घरात होऊच शकत नाही. ज्या बाईचे दर वर्षी नीट होतात तिला तार कशी दिसते ते माहीत नसतं, आणि जिचे हसतात ती पुन्हा करायलाच धजत नाही. तिन्ही गोळ्या एकाच वेळी एका हातावर यायला तीन स्वयंपाकघरं लागतात आणि त्यातल्या दोघांची फजिती.

मुलाचं उरलेलं पीठ कोरडं होतं, कारण तांदूळ त्याने रात्रभर पंख्याखाली ठेवला होता. सुनेचं उरलेलं पीठ ओलं. ती ते टाकून देणार होती. काकूंनी दोन्ही डबे ओढून घेतले, परातीत उपडे केले आणि तळव्याने रगडायला लागल्या. पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. बाईंच्या गॅसवर कढई चढली. पहिला कण तळाशी क्षणभर थांबला आणि मग वर आला. सून झारा घेऊन उभी होती, काकू फक्त शेजारी.

पहिला टिकला. हळूहळू त्याच्या अंगावर बुडबुडे फुटत गेले, खसखस पांढरीची सोनेरी झाली आणि झाऱ्याने उचलून चाळणीत उभा ठेवला तेव्हा त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. परातभर पिठाचे एकवीस झाले. वहिनींनी मोजले. बाविसावा, सुनेने शेवटच्या खरवडलेल्या पिठाचा टाकलेला, कढईत खळखळून हसला.

बाईंनी तोही वहीत मांडला.